गरोदरपणात दुखलं तर कुठली गोळी घ्यायची?

गरोदरपणात कंबर धरते, डोकं ठणकतं, दाढ जागी होते, रात्री पायात गोळे येतात. नऊ महिन्यांत काहीच दुखलं नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. आणि दुखलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "सहन कर, आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या!" दुसरा औषधांच्या डब्यातून अर्धी कापलेली स्ट्रिप काढतो, "ही घे, मला लगेच उतार पडला होता." दोघांचंही ऐकू नका. सोसण्यानं बाळाचं भलं होत नाही, आणि डब्यातली ती गोळी नेमकी चुकीची असण्याची शक्यता बरीच आहे.

मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती "पोटात दुखतंय, मेफ्टाल द्या" या वाक्याची. पाळीच्या दुखण्यावर वर्षानुवर्षं घेतलेली गोळी आताही चालेल असं मागणारीला सहज वाटतं, आणि ओढणीआडचा चौथा महिना आम्हाला दिसत नाही. म्हणून मेडिकलमध्ये पहिलं वाक्य हेच बोला: "मी गरोदर आहे, अमुक महिना चालू आहे." नवऱ्याला किंवा दिराला पाठवत असाल तर त्यालाही हे बजावून पाठवा. नाहीतर तो "अंगदुखीची एक गोळी द्या" एवढंच म्हणतो आणि गोळी त्याच्या हिशेबानं मिळते.

खाली लिहिलंय ते पहिलटकरणींसाठी, साध्या दुखण्यापुरतं. तुमच्या डॉक्टरांनी तुमची फाइल बघून वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं खरं.

पायरी १ : हे गोळीनं भागणारं दुखणं आहे का?

गोळी दुखणं दाबते, दुखण्याचं कारण जागच्या जागी राहतं. पुढचं काही असेल तर गोळी शोधू नका, दवाखाना गाठा.

- पाचव्या महिन्यानंतर जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं. ही बीपी चढल्याची लक्षणं असू शकतात. बीपी १४०/९० किंवा त्याहून वर आलं तर त्याच दिवशी दाखवा, "उद्या बघू" नको.
- सुरुवातीच्या महिन्यांत ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, सोबत चक्कर किंवा रक्तस्राव. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर असं होतं आणि त्यात जीवाला धोका असतो.
- ३७ आठवड्यांच्या आधी थांबून-थांबून, ठरावीक वेळानं येणारी कंबरदुखी किंवा पोट कडक होणं. ही कंबरदुखी नसून कळा असू शकतात.
- थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, पाठीत एका बाजूला ठणका.
- एकाच पायाची पोटरी सुजणं, लाल आणि गरम होणं. रक्ताची गुठळी असू शकते. तेल लावून चोळू तर मुळीच नका.
- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोट दगडासारखं कडक राहणं, बाळाची हालचाल कमी वाटणं.

गाडीची सोय नसेल तर १०८ किंवा गरोदर बायकांसाठीच्या १०२ क्रमांकावर फोन करा. सरकारी दवाखान्यात जायला-यायला गरोदर बाईला ही गाडी मोफत असते.

पायरी २ : आठवडा माहीत असू द्या

आजीचे महिने वेगळे आणि डॉक्टरांचे आठवडे वेगळे. औषधांचा हिशेब आठवड्यांवर चालतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजा, किंवा सरळ सोनोग्राफीचा रिपोर्ट बघा, त्यावर लिहिलेलं असतं. लक्षात ठेवायचे आकडे दोनच: २० आणि ३०. बाळाचे अवयव बघायला साधारण १८ ते २० आठवड्यांत मोठी सोनोग्राफी करतात. ती झाली की विसाची वेस आली असं समजा. आणि सातव्या महिन्याचं डोहाळजेवण उरकलं की तिसावा आठवडा दारात असतो. या दोन वेशींचं काय, ते पुढे.

पायरी ३ : नाव वाचू नका, घटक वाचा

सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्ट्रिप उलटी करा. चंदेरी बाजूला मोठ्या अक्षरांत कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. ते सोडून द्या. त्याच्या वर किंवा खाली मुंगीएवढ्या अक्षरांत "प्रत्येक गोळीत काय आहे" हे इंग्रजीत छापलेलं असतं, समोर मिलिग्रॅमचे आकडे. एकच ओळ असेल तर एकच औषध. दोन-तीन ओळी असतील तर दोन-तीन औषधं एकाच गोळीत. तुम्हाला हवी आहे ती अशी स्ट्रिप, जिच्यावर फक्त पॅरासिटामॉल लिहिलंय आणि दुसरं काही नाही.

आपल्याकडच्या ओळखीच्या गोळ्या उघडून बघू. डोलो ६५० आणि कॅल्पॉल या साध्या पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल ३२५ आणि सोबत आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम. झिरोडॉल-पी म्हणजे पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक. मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि पोटातली कळ सैल करणारं डायसायक्लोमिन. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉलबरोबर प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. दाढदुखीवर हमखास हातात पडणारी केटोरॉल डीटी म्हणजे केटोरोलॅक. अर्धशिशीवाल्या बायका पर्समध्ये बाळगतात त्या व्हॅसोग्रेनमध्ये अर्गोटामिन असतं. ते गर्भाशय आवळतं आणि रक्तवाहिन्याही, म्हणून गरोदरपणात पूर्ण वर्ज्य.

"अहो, पण त्यात पॅरासिटामॉल आहे ना?" असं पुष्कळ जणी विचारतात. आहे. प्रश्न त्याच्या शेजारी कोण बसलंय याचा आहे.

एकाच नावाखाली वेगवेगळा माल, ही आणखी एक भानगड. साधी क्रोसिन वेगळी, क्रोसिन पेन रिलीफ वेगळी, तिच्यात कॅफिनही असतं. नावापुढे पी, एसपी, प्लस, स्पास, फोर्ट असं शेपूट दिसलं की घटक वाचल्याशिवाय तोंडात टाकू नका.

इंग्रजी नावं पाठ करायची गरज नाही, शेवट ओळखा. "-प्रोफेन", "-फेनॅक" आणि "-कॉक्सिब" असा शेवट असलेली औषधं एकाच घरातली: आयब्युप्रोफेन, केटोप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब. त्याच घरातली पण आडनाव न लावणारी मंडळी म्हणजे मेफेनॅमिक अ‍ॅसिड, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक, नायमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम आणि अ‍ॅस्पिरिन. ही सगळी सूज उतरवणारी वेदनाशामकं, आणि गरोदरपणात स्वतःच्या मनानं घ्यायची नाहीत अशी यादी हीच. अमेरिकेत असाल तर तिथे पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, टायलेनॉल म्हणजे तेच. अ‍ॅडव्हिल आणि मोट्रिन म्हणजे आयब्युप्रोफेन, अलीव्ह म्हणजे नेप्रोक्सेन.

दोनच गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कात्रीनं कापून मिळते आणि नेमका घटकांचा मजकूर दुकानातच राहतो. अशा वेळी उरलेल्या स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. मागायला लाजू नका. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे, तो स्कॅन केला तरी औषधाचं मूळ नाव कळतं. स्ट्रिपच्या कडेला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं-घ्यायचं नसतं. मेडिकलवाल्यानं दिलं म्हणून ते बिनधोक ठरत नाही, हे मीच सांगते.

ती यादी का टाळायची

शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. दुखणं आणि सूज त्यांच्यामुळे वाढते, आणि वरच्या यादीतली औषधं ती बनणंच रोखतात. तुम्हाला आराम पडतो तो यामुळे. पण हीच द्रव्यं पोटातल्या बाळाला दोन कामांसाठी लागतात.

पहिलं काम मूत्रपिंडाचं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं. औषधामुळे बाळाच्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा घटला की लघवी कमी होते आणि सोनोग्राफीत "पाणी कमी आहे" असा शेरा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२० मध्ये याच कारणासाठी २० व्या आठवड्यापासून ही औषधं टाळण्याचा इशारा दिला. पाणी बहुतेक वेळा काही दिवस किंवा आठवडे औषध चालू राहिल्यावर कमी होतं, पण कधी-कधी ४८ तासांतही. औषध थांबवलं की ते सहसा पूर्ववत होतं.

दुसरं काम हृदयाजवळचं. पोटात असताना बाळ श्वास घेत नाही, त्यामुळे रक्ताला फुफ्फुसांत जायची घाई नसते. फुफ्फुसाकडे जाणारी नळी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते, हायवेच्या बायपाससारखी. प्रोस्टाग्लँडिन हा बायपास उघडा ठेवतात आणि जन्मानंतर तो आपोआप बंद होतो. ३० व्या आठवड्यानंतर ही औषधं घेतली तर तो पोटातच वेळेआधी मिटू शकतो आणि बाळाच्या हृदयावर, फुफ्फुसांवर ताण येतो.

विसाव्या आठवड्याच्या आधी मोकळीक आहे असंही नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत ही औषधं आणि गर्भपात यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, म्हणून तेव्हाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

अपवाद एक, आणि तो फार महत्त्वाचा. बीपीचा धोका असलेल्या बायकांना डॉक्टर रोज ७५ किंवा १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू करतात, बहुधा इकोस्प्रिन नावानं. ती दुखण्याची गोळी नाही. हा लेख वाचून ती बंद करू नका. ती कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील.

पायरी ४ : पॅरासिटामॉल घ्यायची कशी

५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, काहीतरी खाऊन, ग्लासभर पाण्याबरोबर. ५०० नं भागत असेल तर ६५० कशाला? पुढची गोळी लागलीच तर किमान सहा तासांनी. डॉक्टरांना न विचारता २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, कावीळ झाली असेल किंवा यकृताचा त्रास असेल, उलट्यांमुळे दोन दिवस पोटात अन्न ठरत नसेल, तर घेण्याआधीच विचारा. दोन-तीन दिवस रोज गोळी लागतेय, तर गोळी वाढवू नका, दाखवायला जा.

सर्दीच्या गोळ्या इथे दगा देतात. सिनारेस्ट, डी-कोल्ड टोटल यांतही पॅरासिटामॉल असतं. तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी घेतली की नकळत दुप्पट डोस होतो, आणि जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला मारक आहे. शिवाय या गोळ्यांत रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करणारं औषध असतं, तेही गरोदरपणात विचारल्याशिवाय नको.

आता ऑटिझमचं. २२ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पॅरासिटामॉलचा संबंध मुलांमधल्या ऑटिझमशी जोडून गरोदर बायकांनी ही गोळी टाळावी असं सांगितलं, आणि तेव्हापासून ती क्लिप कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतेय. दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेनं असा संबंध सातत्यानं दिसलेला नसल्याचं स्पष्ट केलं. स्वीडनमध्ये सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर संबंध उरला नाही. काही जुन्या अभ्यासांत संबंध दिसला होता हे खरं, पण आई गोळी घेते ती ताप किंवा दुखणं असतं म्हणून, आणि ते वेगळं काढणं अवघड असतं. तीन-चार दिवस १०२ ताप अंगावर काढणं बाळासाठी नक्कीच चांगलं नाही. माझं मत सरळ आहे: गरज असेल तर घ्या, गरज नसेल तर ही सुद्धा घेऊ नका.

पायरी ५ : दुखण्याप्रमाणे

डोकेदुखी. आधी आठवा, शेवटचं कधी खाल्लं? संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून डोकं चढलं तर त्यावर उपाय जेवण आहे. पाणी कमी पडलं तरी दुखतं. दिवस गेल्यावर चहा एकदम सोडला तरी दोन-तीन दिवस डोकं धरतं. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे दोन कप चहाला भ्यायचं कारण नाही. आधीपासून अर्धशिशी असेल तर पहिल्याच भेटीत रोजच्या गोळ्यांची स्ट्रिप डॉक्टरांपुढे ठेवा. अर्धशिशी येऊ नये म्हणून देतात त्यातली टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही औषधं बाळाला बाधतात. पण स्वतःहून एकदम बंदही करू नका, विशेषतः फिट येत असतील तर.

कंबर. बाळाचं वजन पुढे आणि सगळा ताण मागे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला लावा, पोटावर नको. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. बादली उचलायचं, वाकून फरशी पुसायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, घरात इतकी माणसं आहेत. पाय ठणकतो, मुंग्या येतात म्हणून "नसांची कॅप्सूल" आणली जाते. तिच्यात प्रेगाबालिन आहे का बघा. असेल तर नको. स्नायू सैल करणारं थायोकोल्चिकोसाइडही गरोदरपणात वर्ज्य, आणि ते बऱ्याच कंबरदुखीच्या गोळ्यांत मिसळलेलं असतं.

पायात गोळे आले तर पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा. गोळीची गरज नाही.

दाढ. "बाळंतपण झाल्यावर बघू" म्हणून दाढ लांबणीवर टाकायची आणि तोपर्यंत केटोरोलॅक चघळायची, हे सर्रास चालतं. हे पूर्ण उलटं आहे. दाताचे उपचार गरोदरपणात करता येतात. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, आणि पू झाला असेल तर कुठलाही महिना. भूल द्यायचं लिग्नोकेन चालतं, पोटावर संरक्षक एप्रन घालून एक्स-रेही काढता येतो. डेंटिस्टला महिना सांगा आणि पॅरासिटामॉलच लिहून मागा.

ताप आणि अंगदुखी. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया असतोच. डेंग्यूत आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तिथे तर दुहेरी मनाई. तापात पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासायला त्याच दिवशी जा.

गोळी नसलेल्या गोष्टी

इंजेक्शनबद्दल कुणी विचारतच नाही. "कंबर धरलीय, एक सुई मारा" म्हटलं की बऱ्याच ठिकाणी डायक्लोफेनॅकची सुई मिळते. गोळीत जे वर्ज्य ते सुईतही वर्ज्य. "डॉक्टर, यात काय आहे?" असं विचारायला पैसे पडत नाहीत. पाळी चुकलीय पण अजून तपासणी केली नसेल, तर तेही सांगा.

वोलिनीसारख्या जेलमध्येही डायक्लोफेनॅक असतं. कातडीतून ते थोडंच आत जातं, पण शेवटच्या तीन महिन्यांत तेही टाळावं, आणि आधीही रोज मोठ्या भागावर चोपडू नये. कपाळावर बोटभर बाम लावला म्हणून घाबरायचं कारण नाही.

ट्रामाडॉल (अल्ट्रासेटमध्ये ते पॅरासिटामॉलबरोबर असतं) आणि कोडीन ही अफूच्या जातीची औषधं. बाळंतपणाच्या सुमारास घेतली तर बाळाचा श्वास मंदावू शकतो, बरेच दिवस घेतली तर जन्मल्यावर बाळाला ती सुटल्याचा त्रास होतो. ही फक्त डॉक्टरांच्या हातची.

"आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" हे वाक्य गरोदर बाईसमोर कुणी बोलू नये. २०११-१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये भारतातून नेलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं होतं. भस्म, रसकल्प (पारा वगैरे घालून केलेली औषधं), संधिवाताच्या बिनलेबलच्या पुड्या यांपासून लांब राहा. वैद्यांकडून घ्यायचं तर पदवीधर वैद्यांकडून, आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून.

आधीच घेतली असेल तर?

दिवस गेलेत हे कळायच्या आधी कॉम्बिफ्लाम किंवा मेफ्टाल पोटात गेली, असं खूप जणींचं होतं. एखाद-दुसऱ्या गोळीनं बाळात व्यंग येईल असं मानायचं कारण नाही, आणि तेवढ्यासाठी गर्भ पाडायचा विचार तर अजिबात नको. कुठली गोळी, किती आणि कुठल्या तारखेला, एवढं कागदावर लिहा आणि पुढच्या तपासणीला सांगा. २० आठवड्यांनंतर दोन दिवसांपेक्षा जास्त घेतली असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. डॉक्टर पाणी बघायला सोनोग्राफी सांगतील.

विचारायचं कुणाला

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची तपासणी होते, मोफत. माता-बाल संरक्षण कार्ड आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या, सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांसकट, कारण रात्री दोनला हात त्याच डब्यात जातो. आशाताईंनाही स्ट्रिप दाखवता येते. एखाद्या औषधानं पुरळ आलं, सूज आली किंवा श्वास लागला तर दवाखान्यात जाच, आणि नंतर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा, औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद तिथे होते.

बाळंतपणानंतर यादी बदलते. अंगावर पाजताना पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही चालतात, त्यामुळे टाक्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन लिहून दिलं तर दचकू नका. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र तेव्हाही नको.